धरलंय म्हटलं ना!

तीनदा नवं ब्रेक ऑइल भरून, हवा काढूनही बाबांच्या गाडीचं पेडल स्पंजासारखं दबत होतं. गळती कुठेच नाही, मग हवा शिरतेय कुठून? झोटवाड्यातल्या घरासमोर, उन्हात मयूरी चौथ्यांदा मागच्या चाकाशी बसली. “बाबा, पेडल दाबून धरा! मी हवा काढायचा नट परत आवळेपर्यंत सोडायचं नाही!” “दाबून धरलं!” गाडीतून खणखणीत उत्तर आलं. रेल्वेचं इंजिन चालवताना सिग्नल बघून जोडीदारानं दिलेली प्रत्येक हाक बाबांनी अशीच परत म्हटलेली, एकदाही खोटी नाही. तिनं नट सैल करताच त्याला लावलेल्या नळीतून बाहेर यायचे ते बुडबुडे उलटे आत पळाले. “सोडलंत ना! वैताग आणलाय नुसता!” “धरलंय म्हटलं ना!” तणतणत ती खिडकीशी गेली. बाबा पेडलवरच्या पायाचा गुडघा दोन्ही हातांनी खाली रेटत होते, तरी पेडल वर येत होतं. ती परत चाकाशी जाऊन बसली. “धरा, बाबा.” मग खिडकीतून गाडीची किल्ली बाहेर आली. “नाही धरवत गं.”