अर्धं कोर्ट

विष्णुपंतांनी वर्तमानपत्राचं कात्रण टेबलावर सरकवलं. वर धर्मराजचा फोटो. खाली छापलेलं, टेनिस दुहेरीच्या अकरा वर्षांत बक्षिसांची कमाई एकेचाळीस हजार डॉलर. कडेला विष्णुपंतांनी पेन्सिलीने गुणाकार करून ठेवला होता. साडेदहा लाख रुपये.

विष्णुपंत अंबरनाथच्या ऑफिसर्स क्लबचे सेक्रेटरी. धर्मराज त्यांच्याकडे कोचची नोकरी मागायला आला होता. पगार अठराशे, असं बाहेर नोटीस बोर्डावर लिहिलेलं.

"कमिटीने तुझंच नाव घेतलं," विष्णुपंत म्हणाले. "फक्त पद मानद ठेवलंय. लखपती माणसाला अठराशे द्यायचे म्हणजे आम्हालाच लाज वाटते रे."

धर्मराजने सांगून पाहिलं. हा आकडा विमानाच्या तिकिटाआधीचा. तिकडे कापलेल्या कराआधीचा, हॉटेलाआधीचा, रॅकेटच्या तारांआधीचा. दुहेरीत पहिल्या फेरीत हरलं की हातात पडतं त्यात परतीचं अर्धं तिकीटही येत नाही. तो आणि जोडीदार एका खोलीत, एका पलंगावर झोपले, पावावर दिवस काढले. गुडघा गेला तेव्हा बदलापूरची भाड्याची खोली उरली. तिचं भाडं त्याची बायको तुळशी भरते, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये पँटींना काजं करून. हे कोण छापणार?

विष्णुपंतांनी सगळं ऐकलं आणि घड्याळ बघितलं.

"खरं असेल रे. पण छापून आलंय ना. कमिटीला मी काय सांगू?"

मग आवाज मऊ केला. पाच वाजता फॅक्टरीचे जनरल मॅनेजर येणार, त्यांच्या जोडीने धर्मराजने खेळायचं. साहेबांना पळवायचं नाही. ते नेटजवळ उभे राहतील, मागचं सगळं याने घ्यायचं. शेवटचा पॉइंट मात्र साहेबांना मारू द्यायचा. नंतर याच्या सत्काराला शाल-श्रीफळ आणून ठेवलंय.

"मागचं सगळं मीच घेत आलोय," धर्मराज म्हणाला आणि उठला.

बाहेर भर उन्हात कौसाबाई कोर्ट शेणाने सारवत होती. धर्मराजची आई. चामटोलीहून रोज येते. चोवीस वर्षं या मातीवर तिचाच हात फिरतोय. आता रोज बावीस रुपये.

"भेटली का नोकरी?" तिने मान वर न करता विचारलं.

"भेटली. मानद."

"मानद म्हंजे?"

"काम करायचं, आये. पैसा मागायचा नाय."

कौसाबाईचा हात थांबला. ती नेटपर्यंत पोचली होती. अलीकडचा भाग ओला, हिरवट. पलीकडचा उघडा, भेगा पडलेला. ती उठली. बादलीत कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून शेण काढत.

विष्णुपंत व्हरांड्यात आले. "कौसाबाई, अर्धं राहिलंय. पाचच्या आत वाळायला हवं."

कौसाबाईने शेणाची पाटी उचलली. कोर्ट ओलांडून आली आणि पाटी पायरीवर ठेवली, विष्णुपंतांच्या पांढऱ्या बुटांना लागून.

"त्ये अर्धं मी रोजावर केलं," ती म्हणाली. "ह्ये अर्धं तुमी करा. मानद."