नवमीला बंद पडणारी गाडी

लतीफ मिस्त्रीनं गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गाडीच्या कॉइलच्या डबीभोवती गुंडाळलं आणि इंजिन चालूच ठेवलं.

तुळजाबाई गाडीतल्या मागच्या गादीवर बसून पडद्याच्या फटीतून बघत होती. दुरुस्ती झाली की लगेच दर्शनाला निघायचं, म्हणून तिला आधीच आणून बसवलं होतं. मंठ्याच्या देशमुखांची सून परक्या पुरुषाला दिसायची नाही. त्यासाठी हैदराबादेहून आणलेल्या त्या लांबलचक विलायती गाडीला, तिच्या निकलच्या दिव्यांना आणि मखमली गाद्यांना न शोभणारे जाड तांबडे पडदे लावले होते.

"आईसाहेब, ही डबी बघा," लतीफ ओसरीकडं तोंड करून म्हणाला. तो जालन्याहून, मस्तगडातून मुद्दाम बोलावलेला. "हिच्यातून ठिणगी जाते, मंग इंजिन चालतं. आतली तार खराब झाली की तापल्यावर ठिणगी मरते. थंड झाली की पुन्हा जित्ती. गाडी वाटेत बंद पडून राह्यली ती यानंच, असं मालक म्हणतात."

त्यानं एक वायर सोडवली आणि इंजिनच्या लोखंडाजवळ धरली. निळी ठिणगी चटचट उडत राहिली. लतीफनं डोकं खाजवलं.

"इतकी तापवली तरी मरत न्हाई. इथं तर बराबर हाय."

"इथं बराबरच दिसंल," तुळजाबाईचे यजमान काकासाहेब झटकन म्हणाले. "रस्त्यावर दगा देती. हाकणारा मी हाय, मला म्हाईत."

"ते काय बी असू द्या," ओसरीवरून चतुराबाई कडाडल्या. सासूबाईंचा आवाज चढला की गोठ्यातली जनावरंसुद्धा रवंथ थांबवायची. "नवी बसव. माझी सून वाटंच्या कडंला बसती, अन् गाडीवान येता-जाता बघत्यात. आन् ती जुनी डबी तूच घेऊन जा. परत माझ्या दारात दिसाय नको."

काकासाहेब खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरत राहिले. एरवी आईपुढं त्यांचं तोंड कधी उघडायचंच नाही. बायकोपुढंही नाही. लग्न होऊन आल्यापासून तुळजाबाईनं नवऱ्याचे शब्द ऐकले ते बहुतेक भिंतीपलीकडून.

आणि आभाळ बघितलं ते चौकाएवढंच. सकाळी तुळशीला पाणी, मग माजघर, मग देवघर, की पुन्हा माजघर. तिला मोठा ताप आला होता तेव्हा काकासाहेबांनी नवस बोलला, की ही उठली तर दर शुद्ध नवमीला जांबच्या रामाला आणीन. नवस म्हटल्यावर सासूबाईंचंही काही चाललं नाही. महिन्यातून तेवढं एकदा दार उघडायचं.

परतीच्या वाटेवर उषाबाईच्या मळ्यातल्या विहिरीपाशी गाडी बंद पडायची. तेवढी वाट तुडवली की इंजिन तापतंच, असं काकासाहेब सांगायचे. ते बॉनेट उघडून पाठमोरे उभे राहत. तुळजाबाई डोक्यावरचा पदर सावरत खाली उतरे आणि पाटाच्या वाहत्या पाण्यात पाय सोडून बसे.

"आली का बया तुझी रुसकी गाडी?" उषाबाई मोट सोडून यायची. "जनावर असतं तर शेपूट पिळलं असतं. हिचं काय पिळावं?"

तुळजाबाई हसायची. मोठ्यानं, दात दिसतील असं. घरी तिला तसं हसताना कुणी बघितलं नव्हतं. त्या हसण्यावर ती पुढच्या नवमीपर्यंत जगायची. रामापुढं हात जोडताना मन मात्र पुढं विहिरीवर पोचलेलं असायचं, आणि त्याची तिला फार लाज वाटायची.

आता सासूबाई आत गेल्या. काकासाहेबही कोट चढवायला गेले. लतीफ नव्या कॉइलचे स्क्रू आवळत होता.

"मिस्त्री," पडद्याआडून आवाज आला.

लतीफ दचकून दोन पावलं मागं सरला. "जी, बाईसाहेब?"

"जुनीच राहू द्या."

"या अल्ला," तो पुटपुटला. "गाडी चालावी म्हणून लोक हात जोडतात, अन् तुम्ही..." त्यानं ओसरीकडं बघितलं. "आईसाहेबांचा हुकूम हाय. माझ्यानं न्हाई व्हायचं. माफ करा."

त्यानं बॉनेट खाली केलं. जुनी कॉइल फडक्यात बांधून तो निघूनही गेला.

जांबला गर्दी नव्हती. तुळजाबाई रामापुढं उभी राहिली, पण मागणं ओठावर येईना. नवी कोरी वस्तू मोडू दे, असं देवाला कुणी सांगतं का? तिनं कापूर लावला, प्रदक्षिणा घातली आणि न मागताच परत येऊन पडद्यात बसली.

इंजिन एका सुरात घुमत होतं. लतीफनं कामात काही हातचं राखलं नव्हतं. वड गेला, ओढा गेला, गाडी कुठं अडखळलीदेखील नाही. इथून पुढच्या सगळ्या नवम्या अशाच जाणार, दारातून पडद्यात आणि पडद्यातून दारात, हे तिला स्वच्छ दिसलं. तिनं डोळे पुसले.

मोटेचा करकर आवाज जवळ आला. बांधावर उषाबाई हात हलवत उभी असणार. तिला शेवटचं डोळे भरून बघावं म्हणून तुळजाबाईनं पुढच्या पडद्याची कड बाजूला सारली.

तिला दिसला तो काकासाहेबांचा हात. तो स्टिअरिंग सोडून सावकाश चावीपाशी गेला. चावी फिरली. इंजिन गप्प झालं, आणि गाडी आपल्याच वेगानं सरकत नेमकी पाटाशी येऊन थांबली.

काकासाहेबांनी मागं वळूनही बघितलं नाही. टोपी काढून त्यांनी कोरडंच कपाळ पुसलं.

"ह्या लतीफला काय बी कळत न्हाई," ते म्हणाले. "परत तापली. उतरा."