अनुपमाच्या घरची भाषा

टेंपोत सतरंज्या चढल्या, दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे चढले, तेव्हा कुठे रुक्मिणी धापा टाकत मंडळाच्या खोलीपाशी पोचली. अनुपमा दारातच उभी होती. तिने रुक्मिणीचं मनगट धरून तिला आत नेलं.

"ताई, पंधरा मिनिटं आहेत. बसा. होईल तेवढं शिकवते."

जालन्याच्या एका चर्चमधली चौदा पोरंपोरी दहा दिवसांसाठी भांडुपच्या टेकडीवर आली होती, अनुपमा त्यांतलीच. सकाळी मुलांना दूध, गाणी, खेळ. दुपारी घरोघरी खरजेचं मलम आणि चौकशी. रुक्मिणीची जया सहा वर्षांची. जन्मापासून कानाने बहिरी, म्हणून बोलणंही नाही. वस्तीतली मुलं तिला खेळात घेत नसत. अनुपमाने पहिल्याच दिवशी तिला जवळ ओढलं. अनुपमाचा धाकटा भाऊ तसाच. त्याच्यासाठी तिच्या घरच्यांनी मिळून हातांची एक भाषा जुळवली होती. कुठल्या शाळेतली नव्हे, त्यांच्या घरातली. जया ती तहानेल्यासारखी शिकली.

"रोज दुपारी अर्धा तास या," अनुपमाने तेव्हाच रुक्मिणीला बजावलं होतं. "आम्ही जाणार. मग ही बोलेल कुणाशी?"

रुक्मिणीचा नवरा सहदेव आधी तडकला. गिरणी बंद पडल्यापासून तो चार वर्षं घरीच होता. "किरिस्ताव करतले पोरीक," म्हणाला. तिसऱ्या दिवशी जया त्याच्यासमोर उभी राहिली, अंगठा ओठांना लावून मान मागे टाकली. तो उठून पाणी घेऊन आला. त्यानंतर त्याने चर्चवाल्यांचं नाव काढलं नाही.

तरी रुक्मिणी दुपारी शिकायला गेली नाही, त्याचं कारण सहदेव नव्हता. कंपनीत पॅकिंगला होती रुक्मिणी. दुपारची सुट्टी मिळत नाही, असं तिने अनुपमाला सांगितलं, ते खोटं होतं. चौथ्या दिवशी ती आलीही होती. दारातून पाहिलं, तर जया मांडी घालून अनुपमासमोर बसलेली. हात भराभर चालत होते. जया काहीतरी सांगत होती, अनुपमा काय म्हणते ते बघत होती, आणि पोट धरून हसत होती. सहा वर्षांत घरात ती तशी हसली नव्हती. कुठली कोण ही पोर, आणि माझी लेक हिच्याशी बोलते! रुक्मिणी चपला न काढताच मागे फिरली. पुन्हा पाय तिकडे वळले नाहीत.

"ही आई," अनुपमा आता दाखवत होती. "हे दुखतंय. हे थांब. नाही, करंगळी आत घ्या."

पॅकिंगच्या पट्ट्यांनी चिरलेली बोटं वळत नव्हती. बाहेर हॉर्न वाजला.

"अनुपमा, चल गं! गाडी चुकेल!"

"जयाला किती खुणा येतात?" रुक्मिणीने विचारलं.

"शंभराच्या वर असतील."

रुक्मिणीने हात मांडीवर ठेवले. "मी खोटं बोलले गं तुझ्याशी. सुट्टी मिळत होती."

"ठाऊक आहे. तुम्हाला दारात बघितलं होतं मी."

"मग हाक का नाय मारलीस?"

हॉर्न पुन्हा वाजला.

"भाऊ गेला माझा, दोन वर्षांपूर्वी," अनुपमा म्हणाली. "आता घरात कुणी हातांनी बोलत नाही. इतक्या दिवसांनी कुणीतरी बोलत होतं माझ्याशी. मला वाटलं, आजचा दिवस राहू दे. उद्या बोलावू तुम्हाला." तिने डोळे पुसले. "मग रोजच तसं वाटत गेलं."

खुणांची चित्रं काढून पाठवते, असं म्हणून ती टेंपोत चढली. वस्तीतली पोरं ओरडत मागे धावली. जया आईच्या कडेला उभी राहून बघत होती.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. चाळीस चित्रं, प्रत्येकाखाली शब्द. सहदेव उंबऱ्यावर बसून वाचायचा, रुक्मिणी बोटं जुळवायची. पण कागदावरचा हात हलत नाही. काही शब्द जमले, काही जमले नाहीत.

एका संध्याकाळी रुक्मिणी तांदूळ धूत होती. जया समोर येऊन उभी राहिली. दोन बोटं तिने आपल्या गालाला लावली, तीच उलटी करून आईच्या गालापाशी नेली, आणि मूठ मिटली.

रुक्मिणीने भुकेची खूण करून दाखवली. जयाने मान हलवली. पाणी? नाही. दुखतंय? नाही. जयाने पुन्हा तेच केलं, या वेळी सावकाश.

सहदेवने सगळे कागद उलटून पाहिले. हे कुठेच नव्हतं.

"अनुपमाक लिवून विचारतंय," तो म्हणाला आणि कोरं कार्ड घेऊन बसला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "पण ह्या लिवचा कसा?"

जया वाट बघत होती. शेवटी रुक्मिणीने ओले हात पदराला पुसले आणि लेकीने केलं तसंच केलं. जयाने तिची मूठ उघडली, अंगठा आत घातला, पुन्हा मिटवली. रुक्मिणीने परत केलं. तिसऱ्या खेपेला जयाने मान डोलावली. अर्थ अजून कळला नव्हता, पण खूण बरोबर आली होती.

मग ती आईसमोर बसली, आणि पुढे आई काय म्हणते ते ऐकायला तिच्या हातांकडे बघत राहिली.