हातकामाचा निशाणा

दाजींची रायफल नामांकित कंपनीची, कारागिरांनी हाताने घडवलेली. मेव्हण्याची मात्र कुणी नावही न ऐकलेल्या कारखान्यात यंत्रावर धडाधड निघालेली. "अरे, यंत्रातून डबे काढावेत, बंदुका नव्हे," म्हणत दाजी नेमबाजीच्या क्लबात रोज त्याची फिरकी घेत. रविवारच्या स्पर्धेला दोघांत मिळून एकच रायफल न्यायची ठरली, तेव्हा कोचने दाजींच्या नकळत दोन्हींतून पाच-पाच गोळ्या झाडल्या आणि निशाण्याचे दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले.

एकावर भोकं सैरावैरा पांगलेली, दुसऱ्यावर सगळी एका बटणाखाली झाकतील अशी. दाजींनी चष्मा पुसून दुसरा कागद उचलला. "हातकाम लपतं का कुठं? हीच न्यायची!"

कोचने कागद उलटला. मागे मेव्हण्याचं नाव होतं.

"मग दाजी, डबा भरू ना रविवारचा?" मेव्हण्याने हसू दाबत विचारलं.

दाजींनी दोन्ही रायफली बराच वेळ निरखल्या आणि मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.



"वाईट वाटून घेऊ नकोस, पण आमच्या कारागिराने चुकून हिच्यावर तुमच्या कारखान्याचा शिक्का मारलाय. आण ती इकडे, माझी आहे."