कानामागची टाळी

डॉक्टरबाईंनी सुनेच्या कानामागे कान तपासायचा लोखंडी चिमटा वाजवला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मास्क लावून बसलेल्या सासूला तो स्पष्ट ऐकू आला. ऐकू आलं की बोट वर करायचं, असं सुनेला पाटीवर लिहून दाखवलं होतं. तिचं बोट मांडीवर तसंच पडून राहिलं. मग डॉक्टरबाईंनी जोरात टाळी वाजवली. खिडकीवरचं कबूतर उडालं. बोट हललं नाही.

“इंजेक्शन आजपासून बंद,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण गेलेले कान परत यायचे नाहीत.”

 सासूच्या तोंडाने आपली सवय सोडली नाही. “वा! बरी करायला आणली आणि बहिरी करून पाठवताय होय?”

“मावशी, हिचा टीबी साध्या गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून हे जालीम औषध टोचावं लागलं. हिने आयुष्यात त्या साध्या गोळ्यांतली एकही घेतली नव्हती. गोळ्या पचवून बसलेला जंतूच हिच्याकडे आला. कोणीतरी उपचार अर्ध्यात सोडलेत. पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी तुम्हाला. तेव्हा कळलं असतं, तर कदाचित हे इंजेक्शन टळलं असतं.”

विचारलं होतं खरं. “आमच्या घरात? आमच्याकडे सर्दीसुद्धा परवानगी घेऊन येते,” असं तोऱ्यात सांगून सासूने विषय मिटवला होता.

नवऱ्यामागे काज-बटणाचं दुकान एकटीने चालवलेली बाई ती. नाकावर माशी बसू दिली नाही कधी. दोन वर्षांपूर्वी खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा लांबच्या दवाखान्यात जाऊन माहेरचं नाव सांगितलं आणि औषध आणलं. गिऱ्हाइकांना कळलं तर कपडे कोण देईल? गोळ्यांनी पोटात आग पडे, सांधे धरत, लघवी शेंदरी होई. अडीच महिन्यांत खोकला बसला, अंग भरलं. उरलेल्या गोळ्या तिने गटारात टाकल्या. पुढे खोकला परत आला. त्याला तिने कापडाची धूळ म्हटलं, आणि बाहेरची आणखी धूळ नको म्हणून दुकानाची खिडकी लावून घेतली. त्याच बंद खोलीत, हातभर अंतरावरच्या मशीनवर, सून दिवसभर बसायची.

आता सून दवाखान्यात, आणि दुकानात एकच मशीन चालत होतं. दुसऱ्यावर चादर टाकलेली. मुलगा जहाजावर, दोन समुद्रांपलीकडे. घरी बोलायला चार भिंती, आणि भिंतींवर काही रागावता येत नाही.

“दुसरं औषध आजच ठरवायचंय,” डॉक्टरबाई कागद पुढे ओढत म्हणाल्या. “प्रयोगशाळा सगळंच सांगत नाही. ज्याच्याकडून आला त्याने काय काय घेऊन सोडलं, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. हेही औषध चुकलं, तर मग हातात फारसं उरत नाही.”

सासूने सुनेकडे पाहिलं. सून पाटी पुसत बसली होती. पोर वाळून काडी झाली होती.

सासू ताडकन उठली. “लिहा! माझ्याकडून आला. मी सोडल्या गोळ्या. अडीच महिने घेतल्या आणि सोडल्या. माहेरच्या नावाचं कार्ड आहे, बटणांच्या डब्यात तळाशी. आत्ता जाऊन आणते. पहिल्या दिवशी बोलले असते तर हिचे कान राहिले असते. सांगा हिला! नाहीतर थांबा, मीच सांगते.”

ती सुनेसमोर जाऊन उभी राहिली आणि पहिल्यापासून सगळं बोलली. रक्त, गटार, खिडकी, सगळं. आवाज चढला, हात हवेत नाचू लागला. डॉक्टरबाईंचं पेन थांबलं.

मास्कमागचे ओठ सुनेला दिसत नव्हते. दिसत होत्या त्या चढलेल्या भुवया आणि नाचणारा हात. चार वर्षं रोज पाहिलेल्या. डॉक्टरबाईंचं पेन थांबलेलं पाहून ती ओशाळली, आणि ऐकू न येणारं माणूस बोलतं तशा मोठ्या आवाजात म्हणाली,

“आईंचं मनावर घेऊ नका, डॉक्टर. बोलतात तोडून, पण पोटात काही ठेवत नाहीत त्या.”