परका हात

जपानहून आलेली बाई कापड डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरूनच गोपाळरावांना कळलं, ही घेणार नाही.

"फार सुंदर आहे, असं त्या म्हणतात," नागपूरहून सोबत आलेली दुभाषी रुचिता म्हणाली. "पण इतकं एकसारखं आहे, की तिकडच्या लोकांना ते यंत्रमागाचं वाटेल. त्यांना हाताची खूण दिसायला हवी."

"हाताची खूण म्हंजे?"

रुचिताने पिशवीतून दुसरं कापड काढून उलगडलं. तेही कोशाच्या रेशमाचंच. मधेच एखादा धागा जाड, मधेच वीण विरळ, काठ किंचित हललेला. "अशी. हे कृष्णरावांकडचं. याच्या शाली तिकडे आठवड्यात संपतात."

गोपाळरावांनी ते कापड बोटांनी चाचपून परत दिलं. ज्या चुकीसाठी लहानपणी बापाने त्यांच्या पाठीत फटके घातले होते, ती चूक आता जपानात विकली जात होती.

पवनीत एके काळी गल्लीगल्लीत माग चालायचे. आता कोशाचे दोनच उरले होते, एक गोपाळरावांचा आणि एक कृष्णरावांचा. दोघे एकाच वर्षी मागावर बसायला शिकले. कृष्णरावांचा काठ तेव्हाही वाकडाच जायचा आणि लोक लग्नाची साडी गोपाळरावांकडेच सांगायचे. पण हल्ली लग्नघरच्या पोरी मोबाईलवर बोट फिरवून सुरतेची साडी मागवत. आसगावच्या ज्या घरात तीन पिढ्या गोपाळरावांकडचीच साडी जायची, त्या घरानेही यंदा निरोप पाठवला नव्हता. आणि कृष्णराव? त्यांच्या दाराशी परदेशी पाहुण्यांची गाडी लागे. पेपरात त्यांचा फोटो आला. पंगतीत लोक सरकून जागा देत, "या, जपानवाले, या" म्हणत.

सगळ्यात जास्त सलायचं ते वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून कृष्णरावांचं उजवं मनगट कायमचं अधू झालं होतं. आडवा धागा नेणारा धोटा फेकायची त्यांच्यात ताकद नव्हती. तरी दुपारभर त्यांच्या शेडचं दार बंद असायचं आणि आतून मागाचा आवाज यायचा.

एकदा बाजारात गोपाळरावांनी विचारलंच. "तुझा हात तर चालत नाही. मंग विनते कोन?"

"हाय एक जन," कृष्णराव म्हणाले. "नाव सांगू नोको म्हन्ते."

"बालाघाटकडून आनला काय?"

"कुठूनबी आनला असन. तू कायले विचारून राहिला? हात तुझ्याच तोडीचा हाय, येवढं सांगतो."

तुझ्याच तोडीचा. हे शब्द गोपाळरावांच्या डोक्यातून जाईनात. त्यांच्या डोळ्यांपुढे तो विणकर उभा राहू लागला. तिशीचा, सडपातळ, मानेवर रुमाल, ओठांवर शीळ. ज्याला कधी पाहिलं नाही, त्याचा त्यांना असा हेवा वाटू लागला की ते ताटावरून उपाशीच उठू लागले.

"काहून जेवत नाही?" त्यांच्या बायकोने, राधाबाईने, विचारलं. बचत गटातून येऊन ती धोट्यासाठी धाग्याच्या कांड्या भरायला बसली होती. त्या घरात बाईने कांड्या भरायच्या, मागावर पुरुषानेच बसायचं, अशी रीत.

"परका मानूस आनून बसवला त्यानं. माह्याकडं येता येत नव्हतं?"

"आला असता, तर तुमी गेले असते काय?"

त्यांनी ताट बाजूला सारलं.

"कापड कसं हाय त्या मानसाचं?" तिने सहज विचारलं.

गोपाळरावांना खोटं बोलायचं होतं. पण कापडाबद्दल खोटं बोलायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. "काठ हालते," ते म्हणाले. "पन हात जिवंत हाय. शिकवून येत नाही तसा."

कांडी क्षणभर थांबली, मग पुन्हा फिरू लागली.

जिभेला जे जमलं नाही, ते दुसऱ्या दिवशी फोनवर जमलं. "चाळीस वर्षं विनून राहिलेला मानूस सांगते," त्यांनी रुचिताला ऐकवलं. "कृष्णरावाकडचं कापड यंत्रमागाचं हाय. मुद्दाम बिघडवून इकून राहिला तो. माहं नाव मात्र घेजा नोको."

आठ दिवसांनी गाडी आली, ती थेट कृष्णरावांच्या शेडपाशी थांबली. बचत गटाच्या बायका तिथेच सूत सोडवत, शालींना गोंडे बांधत बसल्या होत्या, राधाबाईही त्यांच्यात होती. बातमी गल्लीभर झाली, तसे गोपाळरावही येऊन दारात उभे राहिले.

जपानी बाई रागावली नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की विणकराने तिच्यासमोर मागावर बसावं.

"नाहीतर?" कृष्णरावांनी विचारलं.

"नाहीतर आजपासून हे काम बंद," रुचिता म्हणाली.

गोंडे बांधणारे हात थांबले. एका म्हातारीने मांडीवरची शाल हळूच बाजूला ठेवली.

"मी शब्द देल्ला हाय," कृष्णराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "काम गेलं तरी नाव नाही सांगत."

रुचिताने ते जपानीत सांगितलं. बाईने मान हलवली आणि पर्स उचलली. कित्येक दिवसांनी गोपाळरावांची छाती हलकी झाली. कुठे आहे तो शीळ घालणारा? पळाला ना?

तेवढ्यात बायकांमधून राधाबाई उठली. तिने पदर खोचला, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली, धोटा हातात घेतला आणि दारात उभ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"जरा बाजूले व्हा," ती म्हणाली. "उजेड अडवून राहिले तुमी."