कंपनीचा फोटो

"आत्या, कानातली फुलं काढा," अश्विनी म्हणाली. "फोटोत चमकत्यात म्हनं."

गोजरबाईंचा कानाकडं गेलेला हात तिथंच राहिला, तेव्हा सुनेनंच पुढं होऊन हळूच फुलं काढली आणि डबीत ठेवली.

अश्विनी मोबाईलमध्ये बघून एकेक वाचत होती. तिसगावच्या शेतकरी कंपनीनं तूरडाळ ऑनलाइन विकायला काढली होती, आणि वेबसाइटवर सगळ्या संचालकांचे फोटो टाकायचं ठरलं होतं. गोजरबाईही संचालक. फोटोसाठी काय नेसायचं, कशी तयारी करायची, याची यादीच कंपनीनं पाठवली होती. स्वच्छ अंघोळ. एकाच रंगाची, नवी असली तर नवी साडी. अंगावर दागिने नकोत. तोंड कोरडं पुसलेलं, केस चापून बसवलेले. मागं पांढरा कपडा.

निदान अश्विनी तरी तसं सांगत होती. गोजरबाईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. आजवर त्यांनी भावकीतल्या कितीतरी बायांना शेवटची अंघोळ घातली होती, नवी साडी नेसवली होती, दागिने उतरवले होते. ही यादी त्यांना कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

त्यांच्या नवऱ्याचं, आप्पांचंही असंच झालं होतं. 'बँकेला फोटो लागतोय' म्हणून ज्ञानेश्वरनं बापाला पाथर्डीला नेलं. म्हातारा नवी टोपी घालून गेला आणि खुशीत परत आला. दीड महिन्यात तोच फोटो मोठा होऊन भिंतीवर चढला. डॉक्टर काय बोलले होते ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एका आप्पांना सोडून. गोजरबाईंनाही ठाऊक होतं. टोपीला इस्त्री त्यांनीच करून दिली होती.

आणि गेल्या सोमवारी नगरला त्यांच्या पोटाची सोनोग्राफी झाली होती. काय निघालं म्हणून विचारलं, तर पोरगा म्हणाला, "गॅस हाय, आई." रिपोर्टची पिशवी मात्र कपाटात आणि कपाटाला कुलूप. गॅसला कधी कुणी कुलूप लावतं का? तेव्हापासून अश्विनी रोज दुपारी वाटीभर शिरा पुढं आणून ठेवत होती. लग्नाला सतरा वर्षं झाली, कधी शिऱ्याचं नाव नव्हतं. गोजरबाई तो शिरा मुकाट्यानं खात होत्या, आणि प्रत्येक घासाला पोटातला गोळा मोठा होत होता.

ओसरीवर निकिता नावाची फोटोवाली पोरगी दोन स्टँडना पांढरा कपडा बांधत होती. नगरहून आली होती. ज्ञानेश्वर खांबाला टेकून उभा होता.

"बसा मावशी. खांदे सैल सोडा," निकिता म्हणाली.

गोजरबाई स्टुलावर बसल्या. हात पदराखाली घेतले. मागचा कपडा वाऱ्यानं हलला आणि पाठीला लागला तशा त्या दचकल्या.

"मावशी, डोळे सुजलेत. रात्री झोप नाही झाली? फोटोची भीती वाटते का काय?"

"लई," गोजरबाई म्हणाल्या.

निकिता हसली. अश्विनीही हसल्यासारखं करून आत बघायला लागली.

आता मात्र गोजरबाईंना राहवेना. "खरं सांग पोरी. तुला कुनी बोलावलं? माझ्या पोरानं ना?"

"कंपनीनं, मावशी. सकाळपासून तुमचा तिसरा नंबर. थांबा, दाखवते." निकितानं कॅमेरा त्यांच्यापुढं धरला.

बारक्या काचेत वरच्या आळीच्या प्रेमलाबाई बसल्या होत्या. तोच पांढरा कपडा, तेच स्टूल. आणि प्रेमलाबाई तर ठणठणीत, कालच गिरणीवर नंबरावरून भांडून आलेली बाई. तिला काय धाड भरली होती?

गोजरबाईंच्या जिवात जीव आला. म्हणजे कंपनी खरी, यादी खरी, फोटोही खरा. त्यांची त्यांनाच लाज वाटली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही खोटं नाही.

"ह्या प्रेमलीनं व्हटाला काय लावलंय गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पान खाल्लं होतं त्यांनी."

गोजरबाई हसल्या. तोंडाला पदर न लावता, मोकळ्या हसल्या. कॅमेरा दोनदा-तीनदा वाजला.

"हा! हाच टाकायचा. मस्त आलाय, मावशी."

त्या उठल्या. पाणी प्यायला आत निघाल्या, आणि दारातच त्यांना मागून ज्ञानेश्वरचा आवाज ऐकू आला. हळू बोलत होता.

"ताई, ह्यातलाच एक आमाला मोठा करून मिळंल का?"

"मिळेल की. केवढा हवाय?"

ज्ञानेश्वरनं छातीसमोर दोन्ही हात धरून माप दाखवलं. मग वर बघितलं, तर आई दारात उभी. हात खाली घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

गोजरबाईंनी चौकट घट्ट धरली. रडायला येत होतं, पण आवाज आधी आला.

"ज्ञाना, आप्पाच्या मापाचा सांग," त्या म्हणाल्या. "भिंतीवर ल्हान-मोठं दिसाया नको."